बाग वस्तीची

प्रस्तावना

शहरातील माणसाला घराइतकीच घराबाहेरच्या जागेचीही गरज असते. दोन खोल्यांच्या घरात पाच-सहा माणसे राहत असली, की मुलांनी खेळायचे कोठे, वृद्धांनी संध्याकाळी बसायचे कोठे, कामावरून परतणाऱ्या स्त्रीने घटकाभर निवांत श्वास घ्यायचा कोठे, हे प्रश्न रोजचे होऊन बसतात. या प्रश्नांचे एक उत्तर म्हणजे वस्तीतील बाग. जमीन, पाणी, झाडे, वाटा आणि बसण्याच्या जागा यांची माणसांच्या गरजेनुसार मांडणी करण्याच्या शास्त्राला व कलेला 'भूदृश्यरचना' असे म्हणतात. वस्तीतील लहानशा हिरव्या जागेची रचना कशी होते, ती कोणासाठी असते आणि ती टिकते कशामुळे, याचे विवेचन प्रस्तुत पाठात केले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• सार्वजनिक हिरव्या जागेचे महत्त्व स्पष्ट करता येईल;
• बागेची आखणी करण्यापूर्वी कोणती पाहणी करावी, हे सांगता येईल;
• एखादी बाग कोणाला उपयोगी पडते व कोणाला नाही, याचे परीक्षण करता येईल;
• मोकळ्या जागांविषयीच्या काही कायदेशीर तरतुदी सांगता येतील.

मूळ पाठ

१. पार आणि कट्टा

महाराष्ट्रातील जुन्या गावात बहुधा एखादा मोठा वड किंवा पिंपळ दिसतो आणि त्याच्या बुंध्याभोवती दगडामातीने बांधलेला ओटा असतो. त्याला 'पार' असे म्हणतात. पाराची आखणी कोणा तज्ज्ञाने कागदावर केलेली नसते. परंतु चांगल्या सार्वजनिक जागेचे अनेक गुण त्याच्या ठायी आढळतात. झाडाची सावली विस्तृत असते. ओटा बसण्याच्या उंचीचा असतो. त्याला चारी बाजू असल्यामुळे ज्याला गप्पा मारायच्या आहेत त्याला सोबत मिळते आणि ज्याला एकटे राहायचे आहे त्याला दुसऱ्या अंगाला जाता येते. पार येण्याजाण्याच्या वाटेवर असल्याने तेथे बसणारा गावाशी जोडलेला राहतो.

मात्र पार सर्वांना सारखाच खुला नव्हता. जातीच्या उतरंडीमुळे अनेकांना तेथे बसण्याची मुभा नसे आणि स्त्रियांचा वावरही तेथे क्वचितच असे. आजची बाग आखताना पाराचे गुण घ्यावेत आणि त्याची ही उणीव दूर करावी, हे यातून शिकण्यासारखे आहे.

शहरांमध्ये मोकळ्या जागेचा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तीव्र झाला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. दाट वस्ती, अपुरा उजेड आणि कोंदट हवा यांमुळे रोग पसरतो, अशी त्या काळच्या प्रशासनाची समजूत होती. शहरसुधारणेसाठी १८९८ मध्ये 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' ही संस्था स्थापन झाली. तिने दाटीच्या भागांतून नवे रस्ते काढले आणि दादर-माटुंगा भागात नव्या वसाहती आखल्या. रुंद रस्ते, त्यांच्या कडेची झाडे आणि वसाहतीच्या मध्ये राखलेल्या 'पाच बागा' ही त्या आखणीची ओळख आजही टिकून आहे.

त्याच परिसरातील शिवाजी पार्कचे मैदान १९२५ मध्ये लोकांसाठी खुले झाले. प्रारंभी त्याचे नाव 'माहीम पार्क' असे होते. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले. या मैदानाने अनेक क्रिकेटपटू घडवले. परंतु भूदृश्यरचनेच्या दृष्टीने तेथील सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे मैदानाभोवतीचा बुटका कट्टा. हद्द दाखवण्यासाठी उंच भिंत घातली असती, तर आतले मैदान आणि बाहेरचा रस्ता यांचा संबंध तुटला असता. कट्ट्याने हद्दही दाखवली आणि बसण्याची सोयही केली. खेळणारे आत, चालणारे बाहेर आणि बसणारे मध्ये, अशा तीन प्रकारच्या माणसांना त्याने एकत्र आणले. त्यामुळे मैदानावर सतत कोणाची ना कोणाची नजर राहते आणि ते सुरक्षित वाटते.

२. पॅट्रिक गेडिस यांचा विचार

वस्तीतील हिरव्या जागांचा शास्त्रीय विचार भारतात मांडणाऱ्यांमध्ये सर पॅट्रिक गेडिस (१८५४-१९३२) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. ते मूळचे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ होते. १९१४ मध्ये ते भारतात आले आणि पुढील दहा वर्षांत त्यांनी अनेक भारतीय नगरांची पाहणी करून अहवाल लिहिले. १९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयाचे प्राध्यापक होते. सुप्रसिद्ध समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी होत.

दाट वस्ती सुधारायची म्हणजे ती पाडून सरळ रुंद रस्ते काढायचे, अशी त्या काळची रूढ पद्धत होती. या पद्धतीत गरिबांची घरे प्रथम जात आणि ती माणसे दुसरीकडे तितक्याच दाटीत जाऊन राहत. गेडिस यांनी या पद्धतीला विरोध केला. कुशल शल्यवैद्य जसा रोगट भाग तेवढाच काढतो आणि निरोगी अवयवांना धक्का लावत नाही, तसे नगररचनाकाराने करावे, असे त्यांचे म्हणणे होते. अगदी मोडकळीस आलेली मोजकी घरे काढावीत, त्या जागी लहान चौक करावेत, तेथे झाडे लावावीत, जुन्या विहिरी व तलाव स्वच्छ करावेत आणि गल्ल्यांची मूळची वळणे राखावीत. या उपायाने माणसे विस्थापित होत नाहीत, खर्च कितीतरी कमी येतो आणि प्रत्येक मोहल्ल्याला स्वतःची मोकळी जागा मिळते.

होळकरांच्या इंदूर संस्थानासाठी गेडिस यांनी केलेला अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. इंदुरात त्या वेळी प्लेगची धास्ती होती. सफाईचे हुकूम काढून भागणार नाही, लोकांना त्यात आनंदाने सहभागी करून घेतले पाहिजे, हे गेडिस यांनी ओळखले. त्यांनी दिवाळीच्या सुमारास एक मोठी मिरवणूक योजली. ज्या रस्त्यांवर घरांची सफाई व डागडुजी अधिक होईल, तेथून मिरवणूक जाईल, असे जाहीर करण्यात आले. अस्वच्छतेचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांच्या प्रतिमा मिरवणुकीत होत्या, आणि शहर स्वच्छ ठेवणाऱ्या सफाई कामगारांना तीत मानाचे स्थान होते. लोकांनी अंगणे, गल्ल्या व चौक हौसेने स्वच्छ केले. वस्तीची सुधारणा वस्तीतील माणसांच्या हातूनच झाली पाहिजे, हा गेडिस यांचा विचार शंभर वर्षांनंतरही मार्गदर्शक ठरतो.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडा.
(१) शिवाजी पार्कच्या भोवतीचा कट्टा लक्षणीय आहे, कारण
(अ) तो उंच आहे. (आ) तो हद्दही दाखवतो व बसायलाही उपयोगी पडतो. (इ) तो दगडी आहे.
(२) गेडिस यांच्या मते दाट वस्ती सुधारताना
(अ) सर्व घरे पाडावीत. (आ) काहीच बदलू नये. (इ) मोजकी मोडकळीस आलेली घरे काढून लहान चौक करावेत.

३. आखणीपूर्वीची पाहणी

बागेची रचना कागदावर सुरू होत नाही. ती जागेवर सुरू होते. समजा, एखाद्या वस्तीत ४० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी बखळ आहे. तेथे बाग करायची झाल्यास प्रथम ती जागा वेगवेगळ्या वेळी पाहावी लागते. सकाळी ऊन कोठे पडते? दुपारी शेजारच्या इमारतीची सावली कोठवर येते? पावसाळ्यात पाणी कोणत्या कोपऱ्यात साचते? पूर्वीची कोणती झाडे उभी आहेत आणि त्यांवर कोणते पक्षी येतात? या साध्या प्रश्नांची उत्तरे पुढची अर्धी आखणी ठरवतात.

दुसरी पाहणी माणसांची असते. मोकळी जागा क्वचितच रिकामी असते. कोणी तेथे पापड वाळवते, कोणी गोधड्या धुऊन पसरते, मुले क्रिकेट खेळतात, रिक्षाचालक दुपारी सावलीत डोळे मिटून पडतो, भाजीवाली हातगाडी लावते. लोकांच्या रोजच्या चालण्याने पडलेली एखादी तिरपी पाऊलवाटही तेथे असते. रचनाकाराने ही पाऊलवाट पुसून काटकोनातला रस्ता केला, तर थोड्याच दिवसांत लोक हिरवळ तुडवत जुन्याच वाटेने जाऊ लागतात. म्हणून पडलेली पाऊलवाट म्हणजे लोकांनी स्वतः काढलेला नकाशा समजावा आणि फरसबंदी तिच्यावरच करावी.

यानंतर वस्तीतील लोकांची मते घेतली जातात. एकच सभा संध्याकाळी घेतली, तर त्या वेळी स्वयंपाकात गुंतलेल्या स्त्रिया आणि कामावर असलेले मजूर तीत येऊ शकत नाहीत. मुले सभेत बोलत नाहीत. यासाठी निरनिराळ्या गटांना त्यांच्या सोयीच्या वेळी स्वतंत्रपणे भेटणे आवश्यक असते. नकाशा वाचण्याची सवय सर्वांना नसते. म्हणून दोरी आणि फक्की घेऊन प्रत्यक्ष जमिनीवरच वाटा, ओटे आणि झाडांच्या जागा आखून दाखवाव्यात. लोक त्या रेषांवरून चालून पाहतात आणि नेमकी सूचना करतात. फक्कीची रेषा पुसून पुन्हा आखण्यास खर्च येत नाही. सिमेंटचा ओटा मात्र फोडावा लागतो.

४. काठ, वाटा आणि बैठका

बागेत माणसे मध्यभागी क्वचितच बसतात. पाठीशी झाड किंवा भिंत आणि समोर काहीतरी पाहण्यासारखे, अशी जागा ती स्वाभाविकपणे निवडतात. त्यामुळे बागेचा काठ हा तिचा सर्वांत उपयुक्त भाग असतो. काठावर ओटे, बाके आणि सावलीची झाडे असावीत. मधला भाग खेळण्यासाठी, सणासमारंभांसाठी शक्यतो मोकळा ठेवावा.

बसण्याची जागा जमिनीपासून सुमारे ४० ते ४५ सेंटिमीटर उंच असली, तर बहुतेकांना सोयीची पडते. वृद्धांना उठताना आधार लागतो. म्हणून काही बाकांना पाठ आणि हात असणे आवश्यक आहे. दोन बाके एकमेकांशी काटकोनात ठेवली, तर चार माणसांना गप्पा मारता येतात. एका ओळीत ठेवलेल्या बाकांवर ती एकमेकांकडे पाठ फिरवल्यासारखी बसतात.

वाटा सपाट पण न घसरणाऱ्या असाव्यात. दोन चाकखुर्च्या एकमेकींना ओलांडून जाण्यासाठी वाट सुमारे १.८ मीटर रुंद लागते. जेथे पायऱ्या आहेत तेथे उतारही हवा. १ मीटर उंची चढण्यासाठी किमान १२ मीटर लांबीचा उतार धरला जातो. त्याहून तीव्र उतारावर चाकखुर्ची स्वतः चालवणे कठीण होते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येण्याजोग्या करणे बंधनकारक केले आहे.

५. बाग कोणासाठी?

'बाग सर्वांसाठी आहे' असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात कोण येते आणि कोण येत नाही, हे मोजून पाहिल्याशिवाय त्या विधानाचा खरेपणा कळत नाही. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात अशी पाहणी करण्यात आली. साधारण नऊ-दहा वर्षांनंतर मुली उद्यानात येणे कमी करतात, मुलगे मात्र येतच राहतात, असे तीत आढळले. उद्यानातील मोठे मोकळे मैदान चेंडू खेळणारे मुलगे व्यापून टाकत आणि जागेसाठी भांडण्यापेक्षा मुली निघून जाणे पसंत करत. १९९९ मध्ये तेथील दोन उद्यानांची फेररचना झाली. व्हॉलीबॉल व बॅडमिंटनसाठी जागा करण्यात आल्या, वाटा वाढवण्यात आल्या आणि एका मोठ्या मैदानाचे झाडाझुडपांच्या साहाय्याने लहान लहान भाग करण्यात आले. या बदलानंतर मुली पुन्हा येऊ लागल्या. 'मुलींना यायला परवानगी आहे' एवढ्याने भागले नव्हते; रचनेनेच त्यांना जागा करून द्यावी लागली.

मुलांसाठी केलेल्या रचनेचे उत्तम उदाहरण नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम शहराचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरात अनेक रिकाम्या बखळी पडून होत्या. महापालिकेत काम करणारे तरुण वास्तुरचनाकार आल्डो व्हॅन आइक यांनी १९४७ मध्ये एका चौकात पहिले क्रीडांगण केले. पुढे १९७८ पर्यंत त्यांनी सातशेहून अधिक क्रीडांगणे आखली. वाळूचा हौद, कोलांट्या मारण्यासाठी लोखंडी दांड्या, उड्या मारण्यासाठी ठोकळे, चार झाडे आणि मोठ्यांसाठी बाके, एवढेच साहित्य त्यांत असे. घसरगुंडी एकाच रीतीने वापरता येते. ठोकळ्यावर मात्र मूल कधी किल्ला रचते, कधी दुकान मांडते. बहुतेक क्रीडांगणांना कुंपणही नव्हते. आमच्या गल्लीतही असे क्रीडांगण करावे, अशी मागणी करणारी पत्रे नागरिक महापालिकेला पाठवत. मोठ्या निधीशिवाय आणि मोठ्या भूखंडाशिवायही खूप काही साधता येते, हे या उपक्रमाने दाखवून दिले.

आपल्याकडील अनेक उद्याने दुपारी बंद ठेवली जातात. सकाळी फिरायला येणाऱ्यांना त्याने फरक पडत नाही. परंतु दोन घरांच्या कामांमध्ये तासभर मोकळा मिळणारी घरकामगार स्त्री, उन्हात फिरणारा फेरीवाला किंवा सामान पोहोचवणारा तरुण यांना सावलीची खरी गरज दुपारीच असते. शौचालय आणि पिण्याचे पाणी नसेल, तर स्त्रिया व वृद्ध बागेत फार वेळ थांबू शकत नाहीत. फाटकाची वेळ, पाण्याचा नळ आणि शौचालयाचे दार या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीच बाग कोणाची आहे, हे ठरवत असतात.

६. झाडे, माती आणि पाणी

झाडांची निवड करताना प्रथम तेथील हवामान पाहावे. महाराष्ट्रात कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण, बकुळ, जांभूळ ही झाडे वस्तीत चांगली वाढतात. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यात उंडी आणि भेंड टिकतात. राजस्थानच्या कोरड्या भागात खेजडी व रोहिडा अल्प पाण्यावर जगतात. दिल्लीसारख्या ठिकाणी हिवाळ्यात ऊन हवेसे वाटते. तेथे हिवाळ्यात पाने गाळणारी तुती बसण्याच्या जागेजवळ उपयुक्त ठरते. वड आणि पिंपळ पक्ष्यांना फळे देतात. परंतु त्यांची मुळे दूरवर पसरत असल्याने ती झाडे इमारतींपासून लांब, ऐसपैस जागीच लावावीत.

केवळ शोभेसाठी केलेली विस्तृत हिरवळ उन्हाळ्यात भरपूर पाणी पिते, आणि 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी लावली, तर कोणाच्याही उपयोगी पडत नाही. मुलांना लोळता-खेळता येईल एवढीच हिरवळ करावी आणि तिच्यासाठी काटक हरळी निवडावी. झाडांखाली पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवले, तर ओलावा टिकतो. पाला जाळल्याने धूर होतो. खड्ड्यात कुजवल्यास त्याचेच खत होते.

पाण्याचा हिशेब साधा आहे. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लिटर पाणी मिळते. वर उल्लेखिलेल्या बखळीचे क्षेत्रफळ १२०० चौरस मीटर आहे. तेथे वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर ८,४०,००० लिटर पाणी त्या जागेवर येते. सर्वत्र सिमेंट केले, तर यातील बहुतेक पाणी गटारात जाते आणि सखल घरांत शिरते. माती उघडी ठेवली, वाटांच्या कडेने उथळ चर काढले आणि पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात ओल सहन करणारी झाडे लावली, तर तेच पाणी जमिनीत मुरते. झाडांच्या बुंध्याशी सिमेंट ओतण्याची प्रथाही घातक आहे. त्यामुळे मुळांना हवा व पाणी मिळत नाही. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे १ मीटर अंतरापर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता.

निरुपयोगी झालेली जमीनही धीराने सुधारता येते. मुंबईत धारावीलगत, मिठी नदीच्या काठी शहराचा कचरा टाकण्याची जागा होती. १९७७ मध्ये तेथे कचरा टाकणे थांबले. १९८३ मध्ये ज्येष्ठ पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांच्या हस्ते तेथील वृक्षारोपणाचा प्रारंभ झाला आणि १९९४ मध्ये सुमारे ३७ एकरांचे 'महाराष्ट्र निसर्ग उद्यान' लोकांसाठी खुले झाले. कचऱ्याच्या ढिगावर आज दाट झाडी उभी आहे.

७. हक्क आणि जबाबदारी

मोकळी जागा शहरात सर्वांत आधी गिळली जाते. तिच्या रक्षणासाठी कायदे आहेत. ते माहीत असणे हे नागरिकाचे पहिले साधन होय. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात बारावी अनुसूची जोडली. उद्याने, बागा व क्रीडांगणे यांची तरतूद हा विषय तीत नगरपालिकांच्या कामांमध्ये समाविष्ट आहे. महाराष्ट्रात नागरी भागातील वृक्षतोडीवर १९७५ च्या कायद्याने निर्बंध घातले आहेत.

बेंगळुरूतील राजमहल विलास विस्तार या वसाहतीच्या मंजूर आराखड्यात बागेसाठी राखलेली एक जागा खाजगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती. तेथील रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे वाटप अवैध ठरवले. रुग्णालय ही उपयुक्त गोष्ट असली, तरी ती बागेची जागा घेऊ शकत नाही. मोकळी जागा सर्वांच्या आरोग्यासाठी राखलेली असते, आणि तिच्या रक्षणासाठी दाद मागण्याचा हक्क रहिवाशांना आहे, हे या निकालाने स्पष्ट झाले.

हक्काबरोबर जबाबदारीही येते. बाग उद्घाटनाच्या दिवशी पूर्ण होत नाही. त्या दिवशी तिचे खरे काम सुरू होते. पहिली दोन-तीन वर्षे रोपांना आळी करावी लागतात, उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते, मोडके बाक वेळेवर दुरुस्त करावे लागते. माळ्याचे वेतन आणि पाण्याची सोय यांची तरतूद आखणीच्या वेळीच झाली पाहिजे. वस्तीची समिती नेमली, तर तीत स्त्रिया, तरुण आणि भाडेकरू यांनाही स्थान असावे. अन्यथा काही वर्षांनी बाग मोजक्या लोकांची होते आणि उरलेल्यांसाठी नुसते कुंपण राहते.

लहान बाग शहराचे सर्व प्रश्न सोडवत नाही. परंतु निरनिराळ्या घरांतील, निरनिराळ्या धर्मांची, जातींची आणि वयांची माणसे एकाच सावलीत बसण्याच्या जागा शहरात फार थोड्या उरल्या आहेत. वस्तीची बाग ही त्यांपैकी एक आहे. ती आखणे, मागणे आणि राखणे हे केवळ तज्ज्ञांचे काम नसून वस्तीत राहणाऱ्या प्रत्येकाचे काम आहे.

पाठगत प्रश्न २

एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) फक्कीने जमिनीवर आखणी करून दाखवण्याचा लाभ कोणता?
(२) व्हिएन्नातील पाहणीत काय आढळले?
(३) ५०० चौरस मीटर जागेवर ६०० मिलिमीटर पाऊस पडल्यास किती लिटर पाणी मिळेल?

शब्दार्थ

उतरंड – एकावर एक रचलेली मांडणी. येथे, उच्चनीच श्रेणी
बखळ – घरांमधील रिकामी, पडीक जागा
फक्की – जमिनीवर रेषा आखण्यासाठी वापरतात ती पांढरी पूड
आळे – पाणी साठावे म्हणून झाडाभोवती केलेला खोलगट भाग
आच्छादन – पांघरूण, आवरण
अनुसूची – कायद्याला जोडलेली यादी

तुम्ही काय शिकलात

• पार आणि कट्टा या परंपरागत रचनांमध्ये चांगल्या सार्वजनिक जागेचे गुण आहेत. सर्वांना प्रवेश देऊन त्यांची उणीव दूर करता येते.
• गेडिस यांनी माणसांना न हलवता, लोकांच्या सहभागाने वस्ती सुधारण्याचा मार्ग दाखवला.
• आखणीपूर्वी जागेची आणि माणसांच्या वावराची पाहणी आवश्यक असते.
• बाकांची मांडणी, वाटांची रुंदी, पाणी, शौचालय आणि फाटकाची वेळ यांवरून बाग कोणाला वापरता येईल, हे ठरते.
• स्थानिक झाडे आणि उघडी माती यांमुळे पाणी मुरते व खर्च कमी होतो.
• मोकळ्या जागांचे रक्षण करण्याचा हक्क नागरिकांना आहे.

स्वाध्याय

१. 'पडलेली पाऊलवाट म्हणजे लोकांनी स्वतः काढलेला नकाशा' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
२. गेडिस यांनी इंदूरमध्ये योजलेल्या मिरवणुकीचे वैशिष्ट्य तुमच्या शब्दांत लिहा.
३. बेंगळुरूच्या प्रकरणात रुग्णालय उपयुक्त असूनही न्यायालयाने बागेच्या बाजूने निर्णय दिला. तुम्हाला तो योग्य वाटतो का? कारणे द्या.
४. तुमच्या वस्तीजवळच्या बागेत किंवा मोकळ्या जागेत सकाळी, दुपारी व संध्याकाळी प्रत्येकी अर्धा तास बसा. किती स्त्रिया, पुरुष, मुले व वृद्ध येतात, याची नोंद करा. कोण येत नाही आणि का, याविषयी दहा ओळी लिहा.
५. वस्तीतील बाग दुपारी खुली ठेवावी, अशी विनंती करणारे पत्र महापालिकेच्या उद्यान विभागास लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

पाठगत प्रश्न १ : (१) आ (२) इ
पाठगत प्रश्न २ : (१) लोकांना प्रत्यक्ष चालून पाहता येते आणि खर्चाशिवाय आखणी बदलता येते. (२) साधारण नऊ-दहा वर्षांनंतर मुली उद्यानात येणे कमी करतात. (३) ३,००,००० लिटर